विष्णुपुरीचं वळण आणि एक सैल हँडल

लातूर ते नांदेड हा रस्ता मी टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसून पाहिला, म्हणजे उलटा पाहिला. पुढून येणारं काहीच दिसत नाही, मागे गेलेलं तेवढं दिसतं. चाकूर गेल्यावर कळतं की ते चाकूर होतं. माझ्या दोन्ही बाजूंना चौदा सायकली होत्या, गोधड्यांत गुंडाळलेल्या. पुढची चाकं काढलेली आणि हँडलं आडवी फिरवलेली, कारण एरवी एवढ्या सायकली एका टेम्पोत मावत नाहीत. एकीचा रंग दुसरीला घासू नये म्हणून मी मध्ये बसायचं, असा अप्पांचा हुकूम होता.

अप्पा म्हणजे आमच्या सायकल दुकानाचे मालक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंडात कायम कुणाची तरी काळजी. मी मूळचा दापोली तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणतो, पण खरं तर मीच सोडली. आधी दापोलीत पंक्चर काढली, मग पुण्यात महागड्या सायकलींचं काम शिकलो. तिथं अप्पा दुकानासाठी हत्यारं बघायला आले होते. मला तासभर काम करताना बघून म्हणाले, "लातूरला येतोस का? खोली दुकानावर, जेवण घरी." त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत त्यांच्या घरात एकदाही मला वेगळं ताट नाही की वेगळी जागा नाही. आमच्या गावची माणसं फोनवर अजून एकच विचारतात, "तिकडे पाणी तरी आहे काय रे?" त्यांनी टीव्हीवर लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे पाहिली होती, ती त्यांच्या डोक्यातून जात नाही. त्या लातुरात पोहणाऱ्यांचा क्लब आहे असं सांगितलं तर आई म्हणाली, "बादलीत पोहतात काय?"

तर त्या क्लबची ही गोष्ट. आधी पोहायचं, पाण्यातून निघून तसंच सायकलवर बसायचं, सायकल ठेवून पळायचं, मध्ये घड्याळ थांबत नाही, असा हा खेळ. क्लबात दातांचे डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, शिक्षक आहेत, आडतीवरची दोन-तीन तरणी पोरं आहेत. दर हंगामाची पहिली शर्यत ते नांदेडजवळ विष्णुपुरीला घेतात, कारण गोदावरीवर तिथं धरण आहे आणि मागे मोठं पाणी आहे. शर्यत लातूरची आणि पाणी नांदेडचं. यंदा पहिल्यांदा मला मेकॅनिक म्हणून नेलं.

अहमदपूरला चहाला थांबलो. पुढच्या गाडीतून बिराजदार मॅडम उतरल्या आणि डबा घेऊन थेट टेम्पोच्या मागे आल्या. या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मूळच्या उदगीरच्या, वय चाळिशीच्या पुढे. पोहायला त्या मागच्याच वर्षी शिकल्या आणि ही त्यांची पहिली शर्यत होती.

"संतोष, धपाटे खा. तुमच्याकडं असतात का रे?"

"नाही मॅडम. आमच्याकडे तांदळाची भाकरी."

"तांदळाची ती काय भाकरी, त्याच्यात काय पोट भरतंय?" म्हणून त्यांनी वर दही घातलं. टेम्पोचे ड्रायव्हर खय्यूमभाई शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हरला पन पोट राहतंय."

"तुमाला दोन ठेवलेत खय्यूमभाई. पर आधी सांगा, उद्या माझ्या मागं टेम्पो तुमीच आणणार ना?"

शर्यतीत सगळ्यांत शेवटच्या सायकलच्या मागे एक गाडी चालवतात, कुणी पडलं-झडलं तर उचलायला. शेवटची सायकल आपलीच असणार हे मॅडमनी आधीच धरलं होतं.

"मागं आनतो ना. पर तुमी पुढं पळालात तर?"

"पळते कुठली! सरळ जाईन. वळण आलं की माझे पाय थरथरतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सहा महिने झाले, क्रीडा संकुलाच्या मागं रोज यू टर्न मारून राहिले. दर वेळेस पाय टेकतो. पोरी हसतात. उद्या पाय टेकला तरी चालेल, पण एकदा ही शर्यत पुरी करायचीय. न्हाई झाली तर सोडून देणार सगळं. या वयात किती दिवस लोकांनी हसायचं?"

हे त्या हसत हसत म्हणाल्या. मला त्यातलं शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही असं मी केलं. आपण नोकर माणूस, काय बोलणार?

लोह्याच्या पुढे ऊन उतरलं. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मध्ये उभी तूर, कुठं कापूस फुटलेला. आमच्याकडची माती लाल आणि ती चपलेला लागते, पायाला नाही. ही काळी माती पायाला धरते आणि सोडत नाही. पहिल्या वर्षी मला तिची भीती वाटायची.

नांदेडला पोचल्यावर सगळे गुरुद्वाऱ्यात लंगरला गेले. मी म्हटलं, "अप्पा, मी मुक्कामाच्या मंगल कार्यालयावर जातो, सायकली आत्ताच जोडून टाकतो." अप्पा म्हणाले, "आधी जेवण. सायकली कुठं पळून चालल्यात?" मग डोक्याला रुमाल बांधून मी त्या लांबलचक पंगतीत बसलो. एका बाजूला क्लबातले दातांचे डॉक्टर, एका बाजूला खय्यूमभाई. पांढऱ्या दाढीचा एक सरदारजी पोळ्या वाढत होता. दोन्ही हात पुढे केल्याशिवाय तो पोळी देत नव्हता. मी एक हात पुढे केला तर अस्सल नांदेडी मराठीत म्हणाला, "दुसरा हात घरी ठिवून आलास का बाळा?" डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या गावच्या देवळात महाप्रसादाला माझ्यासारख्याची पंगत शेवटची असते. इथं कोण कुठं बसलंय ते कुणी बघतच नव्हतं.

रविवार

पहाटे साडेचारला मी कामाला लागलो. विष्णुपुरीला पाण्याच्या वरच्या अंगाला एक मोकळं मैदान आहे. तिथं लोखंडी दांड्यांवर सायकली टांगायची जागा केली होती. गार वारा सुटला होता आणि पाणी अजून दिसत नव्हतं, नुसता वास येत होता. नदीचा वास समुद्रासारखा खारा नसतो, तो ओल्या गवतासारखा असतो.

काम सोपं होतं. चाक बसवायचं, ब्रेक बघायचा, हँडल सरळ करून त्याचे दोन बोल्ट एलनकीनं, म्हणजे सहा कोनांच्या चावीनं, आवळायचे. हे बोल्ट आवळले नाहीत तर हँडल वरच्या वर फिरतं आणि चाक सरळच जातं.

आमच्या दुकानात एक रीत आहे. काम पुरं झालेल्या सायकलीला सीटखालच्या दांड्याला पूजेचा लाल दोरा बांधायचा. अप्पा म्हणतात, काम पुरं झालं म्हणजे देवाला दाखवलं. मला देवाचं फार कळत नाही, पण दोरा मला आवडतो, कारण दोरा असला की त्या सायकलकडे पुन्हा बघावं लागत नाही. त्या पहाटेही मी तसंच केलं. अकरा सायकली झाल्या, अकरा दोरे बांधले. उरलेल्या तिनांची चाकं लावून हँडलं सरळ केली होती आणि बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. तेवढ्यात डॉक्टरांची ट्यूब फुटली. ते त्यांच्या सायकलसकट मला घेऊन पंपाकडे गेले.

परत आलो तर अप्पांची पूजा सुरू झालेली. पहिल्या शर्यतीला सायकलींची पूजा करायची हा क्लबचा नेम. प्रत्येक हँडलला झेंडूचं फूल, प्रत्येक चाकाला भस्म आणि कुंकू. बिराजदार मॅडम आणि आडतीवरची पोरं दोऱ्याची रीळ घेऊन फिरत होती. मॅडम मला बघून म्हणाल्या, "संतोष, तू अकरांना बांधलास आणि थांबलास का? आमी राहिलेल्या पुऱ्या केल्या बघ!"

चौदाही सायकलींना सीटखाली लाल दोरा होता.

राहिलेल्या तिनांतल्या दोन मला आठवत होत्या, एक काळी आणि एक बँकेतल्या साहेबांची. पूजा चालू असताना मी वाकून गुपचूप त्यांचे बोल्ट आवळले. तिसरी कोणती ते आठवेना. सगळ्या हँडलांवर फुलं, सगळ्यांवर कुंकू, आणि सगळे हात जोडून उभे. भोंग्यावर सांगत होते की पाच मिनिटांत ही जागा बंद होणार, मग कुणालाही सायकलीजवळ सोडणार नाही.

करायचं एवढंच होतं. मोठ्यानं म्हणायचं, "अप्पा, थांबा, मला सगळ्या हँडलांचे बोल्ट पुन्हा बघायचेत." चार मिनिटांत झालं असतं. कुणी काही बोललं नसतं. पण मला वाटलं, एवढी मोठी माणसं हात जोडून उभी आहेत आणि पहिल्यांदाच आणलेला मेकॅनिक म्हणणार की त्याचं काम राहिलंय. अप्पा काय म्हणतील? मग मी माझ्या मनाला समजावलं की तिसरीही केली असणार. मन लगेच समजतं अशा वेळी. अप्पांनी नारळ फोडला, "हर हर महादेव" झालं, आणि ती जागा बंद झाली.

नाष्ट्याला सुशीला होती. पहिल्या वर्षी "सुशीला खाल्लीस का?" असं कुणी विचारलं की मी लाजायचो. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचं पोह्यासारखं करतात ते. त्या दिवशी ती तोंडात फिरत राहिली, खाली उतरेना.

उजाडलं तसं पाणी दिसलं. पलीकडचा काठ निळसर, मध्ये नारिंगी फुगे सोडलेले आणि भोई लोकांच्या चार होड्या. आमच्या खाडीत असं पाणी भरतीला दिसतं, पण त्याला ओढ असते. हे पाणी गप्प होतं. भोंगा वाजला आणि सगळे शिरले. एक भोई दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "आरं, ही शिकलेली मानसं पैसे भरून बुडायला आल्यात व्हय?"

बिराजदार मॅडम सगळ्यांत मागे होत्या. दोनदा होडीला हात लावून थांबल्या. डॉक्टर तर केव्हाच बाहेर येऊन सायकलवर गेलेले. मी काठावर उभा राहून मॅडमची पिवळी टोपी बघत होतो. टोपी खाली गेली की माझा श्वास अडकायचा, वर आली की सुटायचा. शेवटी त्या चिखलातून वर आल्या, ओठ निळे पडलेले, आणि मला बघून एवढ्या जोरात ओरडल्या की भोईसुद्धा वळले, "संतोष! निघाले रे पाण्यातून!"

मी टाळ्या वाजवल्या. त्या सायकल घेऊन गेल्या, आणि खय्यूमभाई आणि मी टेम्पोत बसून त्यांच्या मागे निघालो.

दहा किलोमीटर सरळ रस्ता. दोन्हीकडे ऊस. मॅडम छान चालवत होत्या. खय्यूमभाई म्हणाले, "देखो, मॅडम तो उडून राहिल्यात." पुढे वळणाचा नारिंगी शंकू दिसला, शेजारी झेंडा घेतलेला एक स्वयंसेवक उभा. तिथून वळसा घालून परत यायचं होतं, अशा दोन फेऱ्या. मॅडमनी वेग कमी केला. हात दाखवला. वळल्या.

खय्यूमभाईंना दिसलं की मॅडम पडल्या. मला दिसलं की हँडल वळलं आणि चाक सरळ गेलं.

मी टेम्पो थांबायच्या आत उडी मारली. त्या स्वयंसेवकाआधी पोचलो. मॅडम रस्त्यावर बसल्या होत्या, कोपरातून रक्त येत होतं. आणि मी आधी सायकल उचलली. मॅडमना नाही. सायकल उचलली, त्यांच्याकडे पाठ केली, चाक गुडघ्यात धरलं, हँडल सरळ केलं आणि खिशातल्या एलनकीनं दोन्ही बोल्ट आवळून टाकले. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. मग वळून विचारलं, "मॅडम, लागलं का?"

स्वयंसेवक म्हणाला, "मॅडम, वळताना पुढचा ब्रेक नसतो दाबायचा. म्हणून पडलात."

मॅडम म्हणाल्या, "हाव हो. माझंच चुकलं." मग माझ्याकडे बघून, "सायकल बिघडली का रे?"

"नाही मॅडम, सायकल ठीक आहे."

तेव्हा ती ठीकच होती. हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात म्हटलं असेल. त्यात एक शब्द खोटा नाही आणि ते सगळंच्या सगळं खोटं आहे.

मॅडमच्या कोपराला खय्यूमभाईंनी पट्टी बांधली. त्या परत बसल्या. पण आता प्रत्येक वळणाला उतरून सायकल हातानं वळवत होत्या. रडत होत्या का, ते मागून दिसत नव्हतं. मैदानावर पोचलो तेव्हा सायकलची वेळ संपली होती. पुढे पळायला सोडता येत नाही, असं तिथल्या माणसानं चांगल्या शब्दांत सांगितलं. मॅडमनी हेल्मेट काढलं आणि सतरंजीवर जाऊन बसल्या. "असू दे, असू दे," म्हणत राहिल्या, त्या माणसालाच समजावत असल्यासारखं.

दुपारी बक्षिसं. डॉक्टर माइकवर. मनानं ते वाईट नाहीत, पण माइक हातात आला की त्यांच्या जिभेला ब्रेक राहत नाही. "आपल्या बिराजदार मॅडमनी सरळ रस्त्यावर कमाल केली! फक्त नांदेडकरांनी त्यांच्यासाठी वळण नसलेला रस्ता करायला पाहिजे होता!" सगळे हसले. मॅडमही हसल्या, सगळ्यांच्या आधी थांबल्या.

आणि मग म्हणाले, "आता आपला संतोष. कोकणातला पोरगा. चौदा सायकली, एका सायकलची तक्रार नाही!"

अप्पांनी मला शाल घातली. नारळ दिला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानात म्हणाले, "नाव राखलंस बाबा." टाळ्या वाजवणाऱ्यांत मॅडम होत्या. पट्टी बांधलेल्या हातानं वाजवत होत्या. मला आजपर्यंत कुणी शाल घातली नव्हती. ती अंगावर असताना मला दरदरून घाम फुटला, आणि लोकांना वाटलं की पोरगा लाजलाय.

लोह्याच्या अलीकडचा ढाबा

परतताना सगळे एका ढाब्यावर थांबले. पिठलं, ज्वारीची गरम भाकरी, वाटीभर शेंगदाण्याची चटणी. तेल सुटलेली ती चटणी मला आता आमच्या सुक्या जवळ्याइतकी आवडते. पण मी भाकरीचे तुकडे करून ताटात फिरवत होतो. मॅडम माझ्या समोर, अप्पांच्या शेजारी बसल्या होत्या. सगळ्यांच्या गप्पा चालू असताना त्या अगदी सहज म्हणाल्या, "अप्पा, माझ्या सायकलीला गिऱ्हाईक बघा ना एखादं."

"कामून?"

"बस झालं अप्पा. न्हाई जमत मला. सहा महिने वळण घोकलं. पाण्यातून निघाले, तेवढं पुरे. आता कुणाच्या तरी लेकराच्या कामाला येईल."

अप्पा म्हणाले, "असं एका पडण्यानं सोडतात का?"

"एकाच पडण्यानं न्हाई अप्पा. आज मला कळलं की मला येतच न्हाई." मग माझ्याकडे वळल्या, "संतोष, तू मागंच होतास. खरं सांग. मी काय चुकवलं तिथं? पुढचा ब्रेक दाबला का मी?"

हो म्हटलं असतं की संपलं असतं. मला खरंच वाटतं की त्या क्षणी मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण समोर त्यांची पट्टी होती आणि त्या पाटी-पेन्सिल घेतलेल्या पोरीसारख्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शिकायला. माझ्यासारख्या आठवीतून पळालेल्याकडून एक शिक्षिका स्वतःची चूक शिकायला बसली होती.

"मॅडम, तुम्ही काही चुकवलं नाही," मी म्हटलं. "तुमच्या हँडलचे बोल्ट मी आवळले नव्हते. राहून गेले. तुम्ही हँडल वळवलंत, चाक वळलं नाही. पडल्यावर मी तुमच्याकडे पाठ करून ते गुपचूप आवळले."

आवाज बारीक निघाला होता, पण त्या टेबलावर सगळ्यांनी ऐकला. खय्यूमभाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

मॅडमनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "हे सकाळी माहीत होतं तुला?"

"हो."

"मी सतरंजीवर बसले होते तेव्हा?"

"हो."

"डॉक्टर माइकवर बोलले तेव्हा?"

मी नुसती मान हलवली.

"कोपर दोन दिवसांत भरंल रे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, वर्गात एखाद्याला उभं करून बोलावं तसा होता. "पण सकाळपासून मी माझ्या मनात मलाच इतकं बोलून घेतलंय. मूर्ख, म्हातारी, हौस बघा हिची. ते मी परत कसं घेऊ, सांग?"

शाल मांडीवर होती ती मी घडी करून टेबलावर ठेवली आणि अप्पांकडे सरकवली. अप्पांनी तिला हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, "घे, घे. तेरा सायकलींची शाल आहे ती." कुणी हसलं नाही. डॉक्टरांनाही ते कळलं. थोड्या वेळानं ते मॅडमकडे बघून म्हणाले, "मॅडम, ते वळणाचं मी उगंच बोललो."

"उगंच न्हाई, माइकवर बोललात," मॅडम म्हणाल्या.

अप्पा शेवटी बोलले. "संतोषा, बोल्ट राहतो. माझ्याकडूनबी राहिलाय तीस वर्षांत. पर पाठ करून आवळलास, ते मला न्हाई पटलं." एवढंच. मला वाटत होतं की ते म्हणतील, उद्या गाठोडं बांध. ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं. त्याऐवजी त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "भाकरी थंड होऊन राहिली, खा." मी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्यानं आलं असं खय्यूमभाईंनी सगळ्यांना सांगितलं, आणि ठेचा तर मी घेतलाच नव्हता.

दोऱ्याची गोष्ट मी तिथं सांगितली नाही. सांगितली असती तर ती अप्पांच्या पूजेवर आणि मॅडमच्या हातांवर गेली असती. त्यांनी माझं राहिलेलं काम पुरं करायला म्हणून दोरे बांधले होते. चूक दोऱ्याची नव्हती. मला तोंड होतं आणि मी ते उघडलं नाही. अप्पांना मी हे दोन दिवसांनी दुकानात सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरं झालं तिथं न्हाई सांगितलंस." तेव्हापासून आमच्या दुकानात देवाचा दोरा हँडलला आणि कामाचा दोरा, हिरव्या रंगाचा, सीटखाली.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलंय.

लातूरला पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. दुकानासमोर टेम्पो लावला आणि मी एकेक सायकल उतरवून जोडून देऊ लागलो. या वेळी प्रत्येक हँडलचे बोल्ट मी मालकाच्या समोर आवळले आणि म्हटलं, "बघून घ्या." एरवी कुणी बघितलं नसतं. त्या संध्याकाळी बँकेतल्या साहेबांनी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळून बघितलं. त्यांच्या मागून आडतीवरच्या पोरांनी. मग डॉक्टरांनी. एकामागून एक, चांगल्या घरची, शिकलेली माणसं, पाय फाकवून हँडल पिळत होती आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हती. कुणी वाईट शब्द बोललं नाही. "येतो रे संतोष" म्हणून सगळे गेले. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी मॅडमची सायकल राहिली. त्यांनीही चाक गुडघ्यात धरलं. जखमेच्या हातानं जोर लावून पिळलं, एकदा, दोनदा. हललं नाही. मग त्या सायकलवर बसल्या आणि दुकानासमोरच्या रस्त्यावर थोड्या पुढे जाऊन वळायला लागल्या. अप्पा पायरीवर, खय्यूमभाई टेम्पोला टेकून आणि मी रस्त्याच्या कडेला. अर्ध्या वळणात सायकल डगमगली आणि त्यांनी पाय टेकला.

त्या तशाच थांबून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हे बघ. हे माझं चुकलं. सकाळचं तुझं होतं. दोन्ही येगळं ठिवायचं."

"हो मॅडम."

"आणि अप्पा, ते गिऱ्हाईक बघू नका."

मग त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला लागल्या.